दुसरा हात

नऊ मिनिटं पडद्यावर एक खिडकी. आवाज नाही. खिडकीबाहेर वाळत घातलेली चादर, आणि सगळं चित्र संथ डुलतंय.

प्रोजेक्टर थांबला तसे विभागप्रमुख वळले. मांडीवर पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची यादी, पेनाचं टोपण काढलेलं.

"बाई, यात घडतं काय? बरं, कॅमेऱ्याला साधं स्टँडसुद्धा मिळालं नाही का या दिग्दर्शिकेला?"

"भूकंप असेल सर," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

बाई चिडल्या नाहीत. कुठल्याही दिग्दर्शिकेचा चित्रपट दाखवून झाला की त्या कधी अर्थ विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "कॅमेरा तिच्या एका हातात. दुसरा हात काय करत होता?" मुलं आधी चेष्टा करायची; आता वहीत त्यासाठी समास सोडायची.

आज समास कोरेच होते.

"सर, ही फिल्म तिने घरात एकटीने केली. कुठल्या पुस्तकात तिच्यावर एक ओळ नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या यादीतून गेली की गेलीच."

"बाई, परत लावता?" दाराजवळून वहिनी म्हणाली. वर्गातली ती एकटीच लेकुरवाळी, म्हणून सगळ्यांची वहिनी. घरून फोन आला तर पळता यावं म्हणून दार किलकिलं ठेवून बसायची.

खिडकी पुन्हा डुलायला लागली.

"हात नाही बाई, पाय! पायाने पाळणा हलवतेय ती. दोन्ही हात कॅमेऱ्याला. आता बघा, थांबलं ना? डोळा लागला बाळाचा." खिडकी पुन्हा डुलली. "घ्या, उठलं कार्टं!"

सगळे हसले, पण या वेळी खिदळलं कोणी नाही.

"हे कशावरून?" विभागप्रमुखांनी विचारलं.

वहिनीचं लक्षच नव्हतं. बाकाखाली तिचा पाय पडद्यावरच्या लयीत हलत होता. बाईंनी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

आठव्या मिनिटाला डुलणं मंदावलं, मग थांबलं. खिडकी, चादर, ऊन, सगळं जागच्या जागी. शेवटचं अख्खं मिनिट कॅमेरा जराही हलला नाही. वर्गात कोणी खोकलं नाही.

बाहेरून पोरांचा गलका आला. विभागप्रमुख उठले, चवड्यांवर चालत दारापाशी गेले आणि कडीचा आवाज होऊ न देता दार लोटून घेतलं.