एका महिन्याची मुदत

नोटीस तिने स्वतःच वर नेऊन दिली. एका महिन्याची, करारात होती तशी. उद्या कोणी बोट दाखवायला नको.

वरच्या खोलीतली बाई दारातच वाचू लागली. चाळिशीची, एकटी, कुठल्याशा शाळेत शिकवणारी. भाड्याला कधी उशीर नाही, भिंतीला एक जादा खिळा नाही. काढायला निमित्त सापडेना, म्हणून नोटिशीत कारण लिहिलंच नव्हतं.

"आणखी दोन महिने मिळतील का?" बाईने विचारलं. "एक काम अर्धवट राहील हो."

"कसलं काम, ते कळतं मला," घरमालकीण म्हणाली आणि तरातरा जिना उतरली.

न कळायला काय झालं? नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. इतक्या वर्षांत भर दुपारी त्याने दुकान कधी बंद ठेवलं नव्हतं. आता जेवण झालं की कुलूप. विचारलं तर म्हणायचा, "गिऱ्हाईकच नाही." आणि मग भिंतीच्या कडेकडेने, पाय न वाजवता, चोरासारखा जिना चढायचा. उतरायचा तेव्हा तोंडावर तजेला. घरात पाऊल टाकलं की पुन्हा मुका.

तिने हौसेने केस आखूड करून घेतले. त्याला पत्ता नाही. बोलताना तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. आपल्याकडे बघावंसंही वाटत नाही याला, या विचाराने तिला जेवण जाईना.

एका दुपारी ती मागोमाग वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून टेबल दिसलं, दोघं शेजारी-शेजारी बसलेली दिसली, समोर नुसते टोचे मारलेला एक जाड कोरा कागद, त्यावर याचा हात आणि याच्या हातावर बाईचा. बोटांवर बोटं.

"घाई नको," बाई हलकेच म्हणत होती. "होईल सवय."

आणि तो हसला. घरात कितीतरी दिवसांत हसला नव्हता, तसा मोकळा.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. नोटीस त्याच दिवशी लिहून झाली.

"तिला कशाला काढतेस?" त्याने विचारलं.

"घर माझ्या वडिलांचं आहे. कोणाला ठेवायचं ते मी बघेन."

"थोडं थांब गं. मी तुला सगळं सांगणारच होतो."

"नका सांगू!" ती ओरडलीच. "ऐकायची ताकद नाही माझ्यात."

त्या दिवसानंतर त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मुदत संपली त्या दिवशी बाईने खोली लख्ख करून ठेवली होती. घरमालकिणीने नळ सोडून बघितले, खिडक्या लावून बघितल्या, पंखा फिरवला. बोलायला जागा नव्हती. तिने अनामत रक्कम पुरी हातावर ठेवली, रंगाचे पैसेही कापले नाहीत. या बाईचं काहीएक घरात राहायला नको होतं.

किल्ल्या देताना बाई घुटमळली. "त्यांनी तुम्हाला काही सांगितलं का?"

"मला काही ऐकायचं नाही!"

"बरं. माझा नंबर तरी त्यांच्याजवळ राहू दे. लागेल त्यांना."

काय हा निर्लज्जपणा! घरमालकिणीने किल्ल्या हिसकावून घेतल्या. सामानाचा टेंपो वळणाआड जाईपर्यंत ती फाटकात उभी राहिली.

मग घरात येऊन तिने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. दुपारचं ऊन पलंगापर्यंत आलं. तो जेवून झोपला होता, पांघरूण डोक्यावरून ओढून. बघता बघता तिचा राग निवळला. शेवटी आपलाच माणूस. तिने पांघरूण बाजूला केलं, कपाळावर हात ठेवला. किती महिन्यांनी!

"उठा," ती मायेने म्हणाली. "गेली ती. आता आपण दोघंच."

तो उठून बसला. उन्हाची तिरीप थेट त्याच्या तोंडावर होती. त्याने डोळे चोळले, पुन्हा चोळले. मग हात पुढे करून चाचपडत तिचं मनगट धरलं.

"एवढा वेळ झोपलो मी?" तो म्हणाला. "दिवा लाव ना गं."