धुरकट चेहरा

व्हिडिओच्या वर्गात आता कॅमेरा लागत नसे. डोक्यावर टोप चढवून आठवायचं, की पडद्यावर चित्र हजर. त्र्यंबकरावांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी 'आमचा संसार' आठवला आणि बायकोला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

चहाचा कप झकास उतरला. पेपरातलं शब्दकोडंसुद्धा वाचता येत होतं. कप देणाऱ्या बाईचा चेहरा मात्र धुरकट.

"ही कोण हो?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"मशीन बिघडलंय," त्र्यंबकराव म्हणाले.

"नाही काका," शिकवणारी मुलगी हळूच म्हणाली, "जेवढं पाहिलंत तेवढंच येतं."

त्र्यंबकरावांनी टोप न काढताच खुर्ची बायकोकडे वळवली आणि ते तिच्याकडे बघत बसले.

"असं काय बघताय?" मंदाकिनीबाई पुटपुटल्या. "आधी सांगितलं असतंत, तर केस तरी विंचरले असते."