शेवटची दोन अक्षरं

“अहो, काढून ठेवलीत ना सगळी? मग पुन्हा वाचत काय बसलात?” जावयाने खिडकीच्या काचेवर बोटं वाजवली.

सासूबाईंना आज घरी सोडलं होतं. दाराजवळच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन त्या कधीच्या तयार बसल्या होत्या. रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीत फार्मासिस्ट बाईंनी चिठ्ठीप्रमाणे खोकी भराभर काढलीही होती. पण खिडकीआड त्यांच्या शेजारी बसलेले चष्मेवाले सहकारी एकेक खोकं उचलून, चिठ्ठीशी ताडून, नाव मोठ्याने वाचल्याशिवाय सोडत नव्हते. वर्गात हजेरी घ्यावी तसं.

“इथली पद्धत आहे,” बाई हसून म्हणाल्या. “एकाने काढायचं, दुसऱ्याने वाचायचं. आम्हालाही कंटाळा येतो, काय सांगू!”

तेवढ्यात चष्मेवाले अडखळले. नाव अर्धं वाचून थांबले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि खोकं बाईंपुढे सरकवलं. “शेवट बघा.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. वळून त्यांनी फळीवरून दुसरं खोकं आणलं आणि पहिल्याशेजारी ठेवलं. तोच पांढरा रंग, तीच हिरवी पट्टी. जुळी भावंडंच. नावंही तशीच, शेवटची दोन अक्षरं तेवढी वेगळी.

“हे आधीचं कशाचं?” जावयाने विचारलं.

चष्मेवाल्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “साखर उतरवायचं. तुमच्या पेशंटला हवंय ते हृदयाच्या ठोक्यांसाठी.”

सासूबाईंना साखरेचा आजारच नव्हता. त्यात ऑपरेशन झाल्यापासून जेवण म्हणजे चिमणीचे दोन घास.

“ते घेतलं असतं तर?”

“चक्कर आली असती. शुद्धही गेली असती.” ते म्हणाले. “या वयात पुढचं सांगता येत नाही.”

जावयाने वळून बाकावरच्या सासूबाईंकडे पाहिलं.

“चुकलं माझं,” बाई त्याला म्हणाल्या. मग शेजारी वळून हळूच, “बरं झालं, वाचलंत.”

“उद्या मी चुकेन, तेव्हा तुम्ही वाचा,” ते म्हणाले. “आणि ही दोन एका फळीवर नकोत आता.”

बाई लगेच उठल्या. हिरव्या पट्टीची खोकी ओंजळीने उचलून पार पलीकडच्या कपाटात नेऊन ठेवू लागल्या.

जावयाला खरं तर चिडायचं होतं. तोंडून निघालं भलतंच. “उरलेलीही वाचा,” तो म्हणाला. “सावकाश वाचा.” निघताना त्याने दोघांनाही हात जोडले.

बाकावर सासूबाई ताटकळून गेल्या होत्या. “किती हो वेळ, जावईबापू! मला वाटलं, म्हातारीला इथेच टाकून पळालात. लेकीला काय तोंड दाखवणार होतात?”

एरवी त्यांच्या एका शब्दाला त्याचे दोन तयार असायचे. आज त्याने त्यांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

गाडीत बसल्यावरही सासूबाईंची गाडी थांबेना. त्याचं चालवणं, त्याचं वाढलेलं पोट, लग्नात चुकलेला मानपान, सगळं निघालं. आणि जावई घर येईपर्यंत जिवाचा कान करून ऐकत राहिला.