कमी गुणांचं कारण

मॅनेजमेंटच्या प्रवेशाचा फॉर्म भरता भरता ती एका रकान्यापाशी अडली. ‘पदवीला गुण कमी असल्यास कारण लिहा. पुरावा जोडा.’ एकेचाळीस टक्के! बारा वर्षं झाली तरी हा आकडा मेला पाठ सोडत नव्हता.

“त्यात काय एवढं?” शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले वडील म्हणाले. चष्म्याचं दुकान त्यांचं, काउंटरवर बसायची ती. “माझ्या आजारपणाचं लिही. बाप अंथरुणाला खिळला होता म्हण. डॉक्टरांचा दाखला मी आणतो, आपलंच गिऱ्हाईक आहे.”

आजारपण! त्या वर्षी या गृहस्थांना साधी शिंक आली नव्हती. धाकट्या भावाची प्रवेशपरीक्षा म्हणून घरात सगळे चवड्यांवर चालत होते. हिचं पदवीचं शेवटचं वर्ष, तर ही दुकानात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तरातरा मागच्या खोलीत गेली, माळ्यावरून त्या वर्षीची ऑर्डरवही काढली आणि आणून काउंटरवर आपटली.

“वाचा.”

“अगं, माझा चष्मा कुठे...”

“चष्म्याच्या दुकानात बसलाय तुम्ही, बाबा!”

त्यांनी मुकाट्याने नुकताच खिशात सारलेला चष्मा काढून पुन्हा चढवला. सहा मार्च, सतरा ऑर्डरी. सात मार्च, एकवीस. नंबर, फ्रेम, काच, सगळं तिच्या अक्षरात.

“सातला सकाळी अकाउंट्सचा पेपर होता माझा. आदल्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत मी इथे लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत होते. आणि पेपर देऊन आले ती पुन्हा इथेच. धाकट्याला एक दिवस तरी बसवलंत?”

“त्याच्या करिअरचा प्रश्न होता गं.”

“आणि माझा काय, टाइमपास?”

 तिने दोन्ही पानांचे फोटो काढून जोडले. रकान्यात लिहिलं, ‘अभ्यासाच्या दिवसांत मी वडिलांचं दुकान चालवत होते. अजूनही चालवते.’

खाली मुलाखतीचा वार निवडायचा होता. वडील पुढे वाकले.

“मंगळवार तेवढा नको घेऊस. काचांचा माल येतो.”

तिने मंगळवार निवडला आणि फॉर्म पाठवून दिला.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. हातात चष्मा, त्याची एक काडी मोडलेली. सवयीने ती उठली, दोन पावलं गेलीसुद्धा. मग मागे फिरली आणि परत खुर्चीत बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “गिऱ्हाईक आलंय.”