सकाळचा खडखडाट

डॉक्टर वायकोळ्यांची फियाट आठवडाभर सुरू होताना अशी खडखडायची, की पाचोऱ्यातली ती अख्खी गल्ली दारात यायची. "दिवाळीत इंजिन खोललंस, तेव्हा तूच काहीतरी बिघडवलंस," असं त्यांनी सुपडू मिस्तरीला दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या पेशंटांसमोर सुनावलं. याच ओट्यावर मागे डॉक्टरांनी सुपडूच्या तापाने फणफणलेल्या पोरीच्या गळ्यातला ताईत कात्रीने कापून गटारात टाकला होता, आणि त्याला चारचौघांत अडाणी म्हटलं होतं.

सुपडूने बॉनेट उघडून आत हात घातला, तेव्हा कुठे डॉक्टरांना आठवलं. आत काळ्या घोड्याची नाल तार सैल होऊन लोंबत होती. गाडी सुरू करताना इंजिनाला हिसका बसला, की पंखा तिच्यावर आपटायचा. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून ती तिथे त्यांनीच बांधली होती, बायकोच्याही नकळत.

सुपडूने ओट्याकडे पाठ केली, नाल फडक्यात झाकली आणि हलक्या आवाजात विचारलं,

"साहेब, परत बांधी दिऊ का? आते घट्ट बांधस, पंखाले लागाव नही."