बोटांतलं माप

ट्रूडीने काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी खिडकीच्या उजेडात धरून फिरवली. बुडाच्या जरा वर एक बारीक, चकचकीत कडं उमटलं होतं. तिने दुसरी उचलली. तिच्यावरही तेच.

नेमबाजीच्या स्पर्धेच्या शेडमध्ये सगळे आपापल्या टेबलाशी मान खाली घालून बसले होते. हजार यार्डांवरचा नेम धरणारी ही माणसं दुकानातल्या काडतुसाला हात लावत नाहीत. आपली पुंगळी, आपली दारू, आपला हात. बाहेर मोंटानाचा वारा पत्रे वाजवत होता. ट्रूडीचा बाप, वर्लिन ऑस्बी, टेबलाला आवळलेल्या हातप्रेसचा दांडा खाली ओढत होता. एकदा उडालेली पुंगळी फुगते. साच्यात दाबून तिला पुन्हा मापात आणावं लागतं. तिचा खांदा, म्हणजे तोंडाखालचा उतार, केसभर मागे गेला पाहिजे, आणि केसभरच. जास्त दाबला, तर दर वेळी बार उडताना पुंगळी बुडाशी ताणली जाते आणि आतून पातळ होत जाते.

"बाबा, थांबा जरा. ही बघा."

"साच्याचा घासा असेल." वर्लिनने वर पाहिलंसुद्धा नाही. "पूस आणि ठेव. आपली पाळी आलीच."

पलीकडच्या टेबलावरून ड्वेन खिदळला. "वर्लिन, मापकाटा देऊ का उसना? नवा आणलाय, आकडे दाखवतो."

"तुझा तुलाच लखलाभ. माझं माप बोटांत आहे."

शेड हसली. पण ही नुसती बढाई नव्हती. साचा थोडा थोडा खाली घेत जायचा, दर वेळी पुंगळी रायफलमध्ये घालून तिच्यामागे बंद होणारा बोल्ट लावून बघायचा. बंद होताना बोटांना अगदी पुसटसा अडथळा लागला, की तिथेच थांबायचं. वर्लिन असाच थांबत आला होता, आणि त्या बोटांच्या जोरावर त्याने या शेडमधल्या निम्म्या लोकांना धूळ चारली होती.

ट्रूडीने हत्यारांच्या डब्यातून आकडा काढला. आईच्या केसांतली पिन होती ती. टोक वाकवून वर्लिननेच केलेला आकडा. तो तिने पुंगळीत सोडला आणि आतल्या भिंतीला टेकवून वर ओढला. बुडाशी तो अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा तिथेच अडकला.

"आत खाच पडलीय, बाबा."

"आण इकडे."

वर्लिनने नेहमीसारखे डोळे मिटले आणि आकडा वर ओढला. पिन मध्येच अडली, हिसका बसून सुटली. ट्रूडीला ते समोर दिसलं.

"गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "लोण्यासारखी."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. तिला त्या गोष्टीचीच जास्त भीती वाटली.

कर्ण्यावरून पुढच्या तुकडीला हाक आली. वर्लिनने भरलेल्या काडतुसांचा डबा काखेत मारला आणि रायफल उचलली. ट्रूडी दारात आडवी उभी राहिली.

"यातली एक जरी बुडाशी फाटली, तरी जळता वायू मागे येईल. तुमच्या तोंडावर. गाल तिथेच टेकलेला असतो तुमचा."

"तू जन्मायच्या आधीपासून टेकतोय." त्याचा आवाज खाली आला. "बाजूला हो, पोरी. चारचौघांत तमाशा नको."

ती बाजूला झाली. पण थेट टेबलाशी गेली. ती कडं पडलेली पुंगळी तिने पकडीत आवळली आणि करवत लावली. पितळ किंचाळलं. माना वर झाल्या. ड्वेनचा दारू मोजणारा हात तिथेच थांबला. पुंगळी उभी चिरून तिचे दोन भाग झाले, तसा एक भाग तिने बापासमोर धरला.

"आता तरी बघा!"

वर्लिनने रायफल भिंतीला टेकवली, डबा टेबलावर आदळला आणि तो तुकडा घेतला. सवयीने त्याने डोळ्यांच्या आधी अंगठा पुढे केला. कापलेल्या कडेवरून तो सावकाश, दाबून फिरवला.

"काही नाही. सांगत होतो ना तुला..."

डब्याच्या झाकणावर लाल थेंब पडला. मग आणखी एक. वर्लिनने आधी ट्रूडीच्या हातांकडे पाहिलं, मग ड्वेनकडे.

"कुणाला लागलं?" त्याने विचारलं.

ड्वेनने मान खाली घातली. मग वर्लिनला आपला अंगठा दिसला, आणि अंगठ्याखाली ती खाच: काळी, आणि तिथलं पितळ कागदाइतकं पातळ. तो स्टुलावर बसला आणि काडतुसांचा डबा त्याने कोपराने तिच्याकडे सरकवला.

कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं गेलं. ट्रूडी त्याच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळत होती.

"कधीपासून, बाबा?"

"आधी बोटांची टोकंच बधिर होती. मग दवाखान्यात... तुझी आई जाताना. नर्स म्हणाली, बघा, त्यांनी तुमचा हात दाबला. मी आपलं हो म्हणालो."

ट्रूडीला हुंदका आवरेना. तिने त्याचा हात घट्ट दाबला.

तिने तो दाबलाय का, हे बघायला त्याने मान खाली केली.