सर्वाधिक गुण

चारचौघांत वावरायची भीती कोणाला वाटते, हे शोधणारी नवी प्रश्नावली मुलींच्या शाळेत तपासून पाहायची होती. "नाव गुप्त राहील गं," असं समुपदेशक बाई म्हणाल्या, म्हणून घुमीने जन्मात पहिल्यांदा सगळं खरंखरं लिहिलं.

जितकी भीती जास्त तितके गुण जास्त; मुख्याध्यापिकांना मात्र जास्त गुण म्हणजे हुशारी, एवढंच ठाऊक. त्यांनी बाईंच्या टेबलावरची यादी उचलून भरसभेत पहिल्या तिघींची नावं पुकारली. "या गं, सत्कार घ्या आणि दोन शब्द बोला!"

घुमी मागच्या दाराने सटकली आणि पाण्याच्या टाकीमागे दडायला गेली. तिथे एक मुलगी आधीच अंग चोरून बसली होती.

"कितवी?" तिने हळूच विचारलं.

"पहिली. तू?"

"दुसरी. जरा सरकून बस, तिसरी येतेय."